आखाजीचा झोका आणि उरलेली हुरहुर : अनुभव लिहा

झोकेवाली (धागाकर्ती) :

यंदा आखाजीला माहेरी गेले होते. एरंडोल तालुक्यातलं गाव. माय जाऊन चौदा महिने झाले.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा जास्त ओढ लेकींना या सणाची असते. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांची घागर त्याच दिवशी भरायची. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल त्याच दिवशी सुटतं, नवं त्याच दिवशी ठरतं. म्हणजे एकाच दिवशी झोका, पितर आणि हिशोब. कोणी जुळवून आणलं असेल कोण जाणे.

भाऊ-वहिनीने काही कमी केलं नाही. वहिनीने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, सोबत आमरस. भावाने पन्नाशीच्या बहिणीसाठी मुद्दाम नवा दोर आणून झोका बांधला. मी बसले, दोन हेलकावे घेतले आणि उतरले. वहिनीच्या तोंडाकडे बघवेना, तिला वाटलं आपलंच काही चुकलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

रात्री गच्चीवर पडले. भिंती अजून तापलेल्या. तेव्हा लक्षात आलं, माय होती तेव्हाही हे असंच होतं. माहेरी आलं की तिसऱ्या दिवशी सासर आठवायचं, सासरी गेलं की माहेर. एकदा मायला म्हटलंही होतं, ‘तुझ्याजवळ आलं तरी जीव भरत नाही गं.’ ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘माहेरबी मानसंसनंच शे ना पोरी. ते कितलं पुरी?’ माहेरही माणसांचंच, ते पुरून पुरून किती पुरणार. मला तेव्हा रागच आला होता. मायने असं बोलायचं असतं का?

तर विचारायचं ते हे. आई, नवरा, बायको, मूल, मैत्रीण, यांच्यापैकी कोणाचं प्रेम तुम्हाला कुठे तोकडं पडलं? आणि तेव्हा जीव कुठे वळला? देवाकडे वळला असेल तर पुढे काय झालं? काहीच झालं नसेल तर तेही लिहा. प्रवचन नको. पोथीतलं कमी, घरातलं जास्त. देव न मानणाऱ्यांनीही यावं. घरच्यांची नावं लिहू नका, गावं लहान असतात.

पीलबाग :

ताई, मी रावेर तालुक्यातला केळीवाला. ज्यांना केळी फक्त फळाच्या गाडीवर माहीत आहे त्यांना आधी थोडं सांगावं लागेल. केळीचं खोड एकदाच घड देतं. घड कापला की त्याचं काम संपलं. बुडाशी पिलं फुटतात, त्यातलं एक जोमदार ठेवायचं, बाकीची कोयत्याने काढायची. त्या एका पिलावर पुढची पीलबाग. मला पोऱ्या एकच. त्यामुळे हिशोब सोपा वाटला होता. मी खोड, तो पील.

तो पुण्याला शिकायला गेला, तिथेच नोकरीला लागला. रोज रात्री आठला माझा फोन. उचलला नाही तर त्याच्या खोलीतल्या मित्राला फोन. लग्न झालं तरी आठचा फोन सुटला नाही. सूनबाई बिचारी ‘अप्पा, ते अंघोळीला गेलेत’ म्हणायची, आणि मी म्हणायचो, ‘बरं, धरतो मी.’ आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

एका रात्री पोऱ्या म्हणाला, ‘अप्पा, तुमचा फोन आला की पोटात गोळा येतो. तुम्हाला काय पाहिजे तेच कळत नाही. मी देतो, देतो आणि ते पुरतच नाही.’ मी गारपीट पाहिलेली आहे. उभी बाग पंधरा-वीस मिनिटांत आडवी होते आणि मग इतकी शांतता पसरते की बांधावरचा माणूस खोकला तरी ऐकू येतो. त्या रात्री घरात तसं होतं.

मी मुक्ताईच्या वारीला गेलो तो भक्तीने नाही. रुसून गेलो. म्हटलं, महिनाभर फोन बंद ठेवतो, याला कळू दे बाप नसला की कसं वाटतं.

पालखी ज्येष्ठात मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते. पंढरपुराला जाणाऱ्या मानाच्या पालख्यांमध्ये आमची वाट फार लांबची, महिन्याच्या वर चालायचं. बुलढाणा, जालना, बीड असं करत. तिसऱ्या दिवशी तळपायाला फोड. पाचव्या दिवशी रुसवा गेला, कारण रुसायला ताकद लागते. हरिपाठात उभा राहायचो आणि मन पिशवीतल्या बंद फोनवर. विठ्ठल येऊन मधली जागा भरून काढेल असं वाटत होतं, टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो तसं. तसं काही झालं नाही.

बीडला मुक्ताईच्या आजोबांची, गोविंदपंतांची समाधी आहे. पालखी तिथे भेटीला जाते. आजोबा-नातीची भेट म्हणतात. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या बाया तिथे माहेरी आल्यासारख्या रडल्या. मी एका कडेला उभा. ही मुक्ताई कोण? लहानपणीच आईबाप गेलेले. भाऊ ज्ञानदेव रागावून ताटी लावून बसला तर त्याला दार उघडायला लावणारी. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, पाठोपाठ सोपानदेव सासवडला गेले, आणि पुढच्या वर्षी ही आमच्या तापीकाठी मेहूणला विजेच्या लखलखाटात गुप्त झाली. वय अठराच्या आसपास. इतकं सगळं मागे टाकलेल्या पोरीला सातशे वर्षं झाली तरी लोक आजोबाच्या भेटीला नेतात! मला वाटत होतं, देवाकडे जायचं म्हणजे पोराकडे पाठ करायची. इथे तर पंढरपूरची वाटच नात्यागोत्याच्या दारावरून नेलेली.

पंढरपुरात पायावर डोकं ठेवायला मिळालं नाही. रांग बघितली आणि कळसाला हात जोडून परत फिरलो. अंगावर काटा वगैरे काही आला नाही, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर आठच्या ठोक्याला फोन उचलायच्या ऐवजी हरिपाठ सुरू केला. पहिले सहा महिने तोंडाने हरी आणि डोळा घड्याळावर. आता पोऱ्याच करतो, रविवारी. कधी विसरतो. विसरला की अजून कालवतं. ते गेलेलं नाही.

झोकेवाली :

‘बरं, धरतो मी’ वाचून हसले आणि मग माझ्या लेकीला रोज सकाळी पाठवते ते मेसेज आठवले. पुढचं कोणीतरी लिहा लवकर.

लाइनवरचा माणूस :

भुसावळ. मालगाडीचा ड्रायव्हर होतो, आता त्याला लोको पायलट म्हणतात. एकतीस वर्षं कधी रात्री दोनला घरी, कधी दुपारी, कधी तिसऱ्या दिवशी. ठरवलं होतं, रिटायर झालो की मंडळींना पूर्ण वेळ द्यायचा.

झालो. आणि कळलं की मंडळींना वेळ नाही.

तिचा बाळकृष्ण. पितळेचा, वीतभरसुद्धा नाही. सकाळी त्याला उठवणं, अंघोळ, लोणी, दुपारची वामकुक्षी, संध्याकाळी कपडे बदलणं. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आमच्या घरात कूलर एक आणि त्याचं तोंड देवघराकडे. मी बाजूला घामाने निथळतोय. हसू नका, मी त्या पितळेच्या पोरावर खरंच जळायचो.

एकदा चिडून म्हणालो, ‘अगं, आता मी आहे ना घरी!’ ती म्हणाली, ‘एवढी वर्षं मी भिंतीशी बोलत होते का?’ मला वाटलं, बरोबर, मी नव्हतो म्हणून तिने देव धरला. अपराधी वाटलं, माफी मागितली. तर म्हणते, ‘तसं नाही हो. तुम्ही रोज सहाला घरी येणारे असते तरी मी त्याच्याशी बोललेच असते. तुम्हाला काही सांगितलं की तुम्ही उपाय सांगता.’

यावर मी काय बोलणार? उपाय सांगायची सवय खरीच आहे. इंजिनात बिघाड झाला की करतो काय आपण?

मला स्वतःला ती ओढ नाही, कधी नव्हती. कूलरमध्ये पाणी मी भरतो.

दोन अधिक दोन :

धुळे. गणित शिकवतो. देव मानत नाही, बोलावलंय म्हणून लिहितो.

बायको २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. अकरा दिवस दवाखान्यात, त्यातले शेवटचे सहा दिवस मला भेटू दिलं नाही. तेव्हा कोणालाच देत नव्हते. फोनवर तिचा श्वासच जास्त ऐकू यायचा. नंतर जो भेटायला आला त्याने सांगितलं, देवाची इच्छा. कोणी म्हणालं, चांगली माणसं देवाला लवकर लागतात. एका नातेवाइकाने मला एका सत्संगाला नेलं. तिथे सांगितलं गेलं की संसारातलं प्रेम म्हणजे मृगजळ. मी मध्येच उठून आलो. सव्वीस वर्षं ती माझ्या डब्यात रोज लिंबाची एक फोड ठेवायची, वरणावर पिळायला. सव्वीस वर्षांत एकदाही विसरली नाही. ते मृगजळ?

तुमचा प्रश्न असा आहे की माणसाचं प्रेम तोकडं पडलं तेव्हा जीव कुठे वळला. माझं उत्तर : तोकडं पडलं नाही. ते तुटलं. जीव कुठेही वळला नाही, तिथेच उभा आहे. मला देव नको, ती पाहिजे. या हुरहुरीला देवाची ओढ म्हणणं म्हणजे एकाच्या नावचं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकणं.

आस्तिक मित्र :

सर, देव आपल्या आवडत्या माणसाचीच परीक्षा घेतो. श्रद्धा ठेवा, एक दिवस नक्की...

झोकेवाली :

मित्रा, इथेच थांबा. वर ‘प्रवचन नको’ लिहिलंय ते याचसाठी. सर, तुम्ही आलात, बरं वाटलं. माझ्याकडे उत्तर नाही.

रात्रपाळी :

सर, मीही उत्तर म्हणून लिहीत नाही. मी नर्स आहे, नवापूरकडची, घर मावची आदिवासी, धर्म ख्रिस्ती. २०२१ मध्ये अशाच एका वॉर्डात होते. दोन-दोन हातमोजे घालून पेशंटचा हात धरायचो. त्याला आमचा चेहरा दिसायचा नाही, आम्हाला त्याची कातडी लागायची नाही. तरी हात धरला की ऑक्सिजनचा आकडा एखाद्या अंकाने वर यायचा. कधी यायचाही नाही.

एक म्हातारी होती, ऐंशीच्या पुढची, आमच्याच भागातली. रात्रभर ‘याहा, याहा’ म्हणत होती. आमच्या बोलीत याहा म्हणजे आई. तिची आई जाऊन पन्नास वर्षं तरी झाली असतील. तिची मुलं, नातवंडं सगळी बाहेर आवारात झोपलेली, त्यांच्यापैकी कोणाचं नाव तिने घेतलं नाही. आणि देवमोगऱ्याची देवी, जिच्या यात्रेला शिवरात्रीला आमच्याकडची आणि गुजरातेतली माणसं लोटतात, तीही याहाच. याहा मोगी. म्हातारी आईला बोलावत होती की देवीला, मला कळलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही. तिच्यासाठी ते दोन असतील असं मला तरी वाटत नाही.

आमच्या बायबलात बेचाळिसावं स्तोत्र आहे, त्यात तहानलेली हरिणी पाण्यासाठी धापा टाकते, तसा जीव देवासाठी. लहानपणी रविवारी पाठ केलं होतं. तेव्हा वाटायचं, छान उपमा आहे. उन्हाळ्यात आमच्या डोंगरात कोरड्या नाल्यात तोंड घालणारं जनावर पाहिलं की ती उपमा राहत नाही. आणि त्या स्तोत्रात पाणी मिळालं असं कुठे लिहिलेलं नाही. स्तोत्र संपतं तेव्हाही तो माणूस स्वतःच्या जिवाची समजूतच काढत असतो.

सकाळी आठला ड्यूटी संपली की मला तिचा हात सोडावा लागायचा. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा बेड रिकामा होता.

अमळनेरी :

वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. आता थोडं हलकं लिहितो, कोणी रागावू नये.

आमच्या गावात श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. विचार करा, बोरी नदीच्या काठावर, गिरणीच्या गावात, ब्रह्म आणि माया शिकायला देशभरातून माणसं यायची. मी कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं ते त्या इमारतीच्या सावलीत वाढलो म्हणून. पुढे नोकरी कारकुनाची केली हा भाग वेगळा.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतो, तेव्हा मैत्रेयीला सांगतो की नवरा नवऱ्यासाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो. बायको, मुलं, धन, सगळ्यांचं तेच. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात हे मी मोठ्या उत्साहाने घरी समजावून सांगितलं. मंडळी म्हणाली, ‘म्हणजे मी तुम्हाला माझ्यासाठी आवडत नाही?’ मी म्हणालो, ‘तत्त्वतः नाही.’ ती म्हणाली, ‘मग आजपासून आत्म्यालाच सांगा भाकरी टाकायला. आणि दोन बायकांत वाटणी करून निघालेल्या माणसाचं तुम्ही काय ऐकता?’ चार दिवस अबोला. वरण-बट्टीचा बेत होता, तोही गेला.

गेल्या वर्षी तिचं मोठं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री दवाखान्यात दिवा मालवल्यावर म्हणाली, ‘ते याज्ञवल्क्याचं काय होतं, पुन्हा सांगा.’ मी चाळीस वर्षांनी पुन्हा सांगितलं, या वेळी घाबरत घाबरत. ती शेवटपर्यंत ऐकत होती की मध्येच झोपली, कळलं नाही. ऑपरेशन नीट झालं. पुन्हा विषय निघाला नाही.

तडवी पाडा :

यावलकडून. आम्ही तडवी, सातपुड्याच्या पायथ्याचे मुसलमान भिल्ल.

तरुणपणी एका मुलीवर जीव होता. दुसऱ्या समाजातली. पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. तिचं लग्न झालं, माझंही. आजोबा उरुसाला कव्वाली ऐकायला न्यायचे. ते सांगायचे, इश्क-ए-मजाजी म्हणजे माणसावरचं, इश्क-ए-हकीकी म्हणजे खुदावरचं, आणि पहिला हा दुसऱ्याकडे जायचा पूल. मी मनात म्हणायचो, पूल मधेच तुटला असेल तर?

खूप वर्षांनी सहलीला फत्तेपूर सिक्रीला गेलो. बुलंद दरवाज्यावर फारसी अक्षरं कोरलेली आहेत. गाइड वाचून सांगत होता : अकबर बादशहाने दक्षिण आणि दानदेश, म्हणजे आधीचा खान्देश, जिंकला, वगैरे. मी एकदम सरळ उभा राहिलो, आपलं नाव इतक्या लांब! खान्देशचा अशीरगड किल्ला पडला तो १६०१ सालीच, तेव्हाचा हा लेख. आणि त्या फुशारकीला लागूनच पुढे काय कोरलंय? मरियमचा मुलगा ईसा म्हणाला, दुनिया हा पूल आहे, पार व्हा, त्यावर घर बांधू नका.

बादशहाने ते वाचून दिग्विजय थांबवला असेल असं वाटत नाही. मीही घरी येऊन काही फकीर झालो नाही. पण फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर दोन मिनिटं बसतो तेव्हा त्या मुलीसाठी दुवा निघते, बायकोसाठी निघते, दोन्ही एकाच दमात, आणि कुठे टोचत नाही. आधी टोचायचं.

रोटाची सून :

माझं सासर शिरपूरकडचं, माहेर नाशिकचं, त्यामुळे कानबाई मला लग्नानंतर कळली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती बसते. नारळाची देवी, नथ-डोळे लावून, दागिने घालून, साडी नेसवून. रोट असतात. अख्ख्या भाऊबंदकीचे एकत्र गहू, एकत्र स्वयंपाक, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. रोटाचं जेवण कुळाबाहेर जात नाही.

आमच्याकडे जेठ आणि माझे मिस्टर यांच्यात बांधावरून सात वर्षं दावा चालू आहे. एरवी एकमेकांची सावली घेत नाहीत. कानबाईला मात्र एका पंगतीत, मांडीला मांडी लावून. जेठ वाढायला उठले की यांच्या पानात आधी तूप. पहिल्या वर्षी मला वाटलं, मिटलं सगळं! सोमवारी विसर्जन झालं आणि मंगळवारी कोर्टाची तारीख. दोघं एकाच एस.टी.ने गेले, वेगवेगळ्या सीटवर.

मी नवीन होते तेव्हा यांच्याकडून एवढीच अपेक्षा होती की सासूबाईंसमोर एकदा तरी माझी बाजू घ्यावी. माणूस चांगला आहे, पण बोलत नाही. बांधासाठी सात वर्षं भांडेल, बायकोसाठी सात शब्द नाही. तर रविवारी रात्री सगळ्या जागरणाला बसल्या, गाणी चालू झाली की मी कानबाईशी भांडते. मनातल्या मनात. वर्षभराचं सगळं काढते. ती ऐकते का माहीत नाही. तिचे ते मोठे डोळे समोर असतात आणि मध्ये उठून जात नाही, एवढं नक्की.

पण सोमवारी तिलाही जायचं असतं. डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीवर. माझ्या लग्नात पाठवणीला मी रडले नव्हते, नाशिकच्या मैत्रिणी अजून चिडवतात. कानबाईला पाण्यात सोडताना दरवर्षी रडते. बाकीच्यांनी लिहिलंय की माणसं पुरत नाहीत म्हणून देव. मला तर देवीसुद्धा एका रात्रीचीच मिळते. तिचीही वाट बघावीच लागते, मायलेकींसारखी.

वय २३ :

नंदुरबार. माझं छोटं आहे. ब्रेकअप. हसा.

तिने रात्री मेसेज वाचला की दोन निळ्या रेघा दिसायच्या आणि उत्तर यायचं नाही. मी त्या रेघांकडे बघत चार वाजेपर्यंत जागायचो. दिवाळीला मित्रांनी ओढून अस्तंब्याला नेलं. सातपुड्याच्या त्या शिखरावर अश्वत्थामा आहे म्हणतात, कपाळातला मणी काढलेला, जखम भळभळती, आणि तो जखमेला लावायला तेल मागत फिरतो. रात्रभर चढायचं. माझ्या पुढे एक पावरा आदिवासी आजोबा होते, अनवाणी. मी विचारलं, ‘आजोबा, तो भेटला तर काय मागणार?’ ते म्हणाले, ‘मागायचं काय? तेल त्यालाच पाहिजे.’

डोंगरावर रेंज नव्हती. खाली आलो तेव्हा तिचा मेसेज आलेला होता, ‘हॅपी दिवाली’. मी तसाच फोन खिशात टाकला आणि पहिल्यांदा पोटभर झोपलो. देव वगैरे माहीत नाही. पुढच्या वर्षी तेल घेऊन जाणार आहे.

चैत्रातली वाट :

आम्ही दरवर्षी चैत्रात सप्तशृंग गडावर पायी जातो, धुळ्याहून. आधी मागणं असायचं, मुलगा, नोकरी, गुडघे. अलीकडे पायथ्याशी पोचेपर्यंत मागणं आठवत नाही. वय झालं म्हणून की काय, सांगता येत नाही.

दोन अधिक दोन :

पुन्हा मीच. सगळं वाचलं. रात्रपाळीच्या सिस्टर, त्या म्हातारीचं दोनदा वाचलं. माझ्या मतात फरक नाही.

पीलबाग भाऊंना एक विचारायचं होतं. आमच्या घरी एक पिशवी आहे. बायकोने २०२० च्या वारीसाठी भरून ठेवली होती, मुक्ताईच्या दिंडीत नाव दिलं होतं तिने. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, दुसऱ्या वर्षी ती राहिली नाही. टाळ आहेत, एक पातळ आहे, नव्या चपला आहेत, लेबलसुद्धा काढलेलं नाही. ती पिशवी मी चार वर्षं उघडून बघतो आणि बंद करतो. देव न मानणारा माणूस दिंडीत चालला तर चालतं का? पंढरपूरपर्यंत नाही. बुलढाण्यापर्यंत, जमलं तर.

पीलबाग :

सर, दिंडीत कोणी विचारत नाही. सगळे एकमेकांना माउली म्हणतात, तुम्हालाही म्हणतील, त्याला इलाज नाही. नव्या चपला पिशवीतच राहू द्या, पायात जुन्या, सवयीच्या घाला. खोबरेल तेलाची बाटली, मोजे दोन जोड, मिठाची पुडी, रात्री कोमट पाण्यात पाय बुडवायला. पातळ नि टाळ जड नसतात, राहू द्या. डब्यात लिंबं टाका चार-पाच. आणि निघायच्या आठ दिवस आधी पायाच्या अंगठ्यांची नखं कापून घ्या, आदल्या दिवशी कापली की दुखतात.